तिचा नंबर माझ्याकडे होता

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही – किती वेळा तरी करून पाहिलं.

मी कबड्डीची प्रशिक्षक आहे. भंडाऱ्यात राहते, एकटीच. एका शाळेत खेळ शिकवते. वडील जवाहरनगरच्या कारखान्यात होते. तिथल्या क्वार्टरांमागच्या मैदानावर मी खेळायला लागले. रत्नमाला साकोलीची. जिल्ह्याच्या संघात मी चढाईला जायची आणि ती कोपरा सांभाळायची. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमचा संघही फुटला. निम्म्या मुली तिकडच्या झाल्या, उरलेल्या एकेक करून संसाराला लागल्या. मैदान न सोडलेल्या आम्ही दोघीच. प्रशिक्षकाचा डिप्लोमासुद्धा सोबतच केला – एका खोलीत राहून, एकाच बादलीत कपडे भिजवून.

तिच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं होतं का? नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

पुढं मला राज्याच्या महिला संघाचं काम मिळालं, पेपरात नाव येऊ लागलं. ती साकोलीतच राहिली. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत मजुरांच्या, शेतकऱ्यांच्या पोरी गोळा करून शिकवायची. आणि मग त्या पैसेवाल्या लीगचा नियम आला. पुरुषांचे संघ, पण मुख्य प्रशिक्षक नेमण्याआधी किमान एका महिलेची मुलाखत घ्यायचीच. घ्यायची – नेमायची असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी नवी साडी घेतली. मुलाखत बारा मिनिटं चालली. एक साहेब सगळा वेळ मोबाईलमध्ये होते. बाहेर आले तर शेजारच्या खोलीत नव्या प्रशिक्षकाचे, म्हणजे एका पुरुषाचे, फोटो काढणं सुरू होतं. कळायचं ते कळलं.

तरी पुढच्या वर्षी गेले. त्याच्या पुढच्याही. का गेले? – इथंच माझी खोट आहे, म्हणून जरा थांबतेय. मला ते आवडायला लागलं होतं. ‘भंडाऱ्याच्या मॅडमना यंदाही बोलावणं’ अशी बातमी यायची. शाळेत, बाजारात लोक थांबवून विचारायचे, “मॅडम, यंदा होते का नाही?” मी हसून म्हणायची, थोडक्यात राहिलं. थोडक्यात! ती खुर्ची खोटी होती, पण तिच्यावर बसणारी सगळ्या विदर्भातून मी एकटी होते. घरी आल्यावर बोलायला भिंतीशिवाय कुणी नसलं की माणूस अशा खुर्चीलासुद्धा धरून बसतं.

चौथ्या वर्षी मधल्या सुट्टीत फोन आला. मी क्रीडा खोलीत व्हॉलीबॉलमध्ये हवा भरत होते. एका संघाच्या ऑफिसातली बाई बोलत होती, पुण्याकडची असावी.

“मॅडम, साकोलीच्या रत्नमालाताईंचा नंबर आहे का तुमच्याकडे? यादीतला बंद येतोय.”

नंबर होता. त्याच सकाळी आम्ही बोललो होतो.

“त्यांनी सोडलं आता,” मी म्हणाले. “गुडघा गेला त्यांचा. मैदानावर उभं राहणं होत नाही.”

ठरवून बोलले नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण मग तो गुडघा कुठून आला? इतका नेमका? गुडघा दुखायचा हे खरं होतं. ती मैदानाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची, आणि दर दोन मिनिटांनी उठून पोरींवर ओरडायची. मी त्यातलं अर्धंच सांगितलं. दुसरा अर्धा भाग तोंडात धरून ठेवला.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, “अरेरे. बरं, मग तुम्ही याल का?”

“येईन.”

मुलाखतीच्या दिवशी खोलीत चौघं होते आणि एकाच्याही हातात मोबाईल नव्हता. पाऊण तास झाला, तास झाला. एका जुन्या खेळाडूनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर रत्नमालाच्या पोरी खेळत होत्या – राज्य स्पर्धेतला सामना, मोठ्या शहराच्या संघाला त्यांनी हरवलं होतं तो. चढाईपटू आत शिरली की पोरींची साखळी अशी मिटायची, जणू एकाच अंगाचे हात.

“हे कसं शिकवलं असेल?” त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. ती दोन-दोन पोरींची मनगटं ओढणीनं बांधायची आणि महिना महिना तशीच पळवायची. कुणाकडून शिकली नव्हती, तिचं तिलाच सुचलं होतं.

“आम्ही मनगटं बांधून सराव घेतो,” मी म्हणाले.

आम्ही!

ते गृहस्थ टिपून घेऊ लागले. पुढचे प्रश्न आले – पाय कुठं ठेवायचा, आधी कुणी सुटायचं, एक जण बाद झाली तर साखळी कशी जोडायची. मला नाही सांगता आलं. शिकवणारी मी नव्हतेच. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि पुन्हा विचारलं, “त्या खरंच काम करत नाहीत हल्ली?”

समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून मी नाही म्हणाले.

लिफ्टपर्यंत ती फोनवाली बाई सोडायला आली. चांगली होती. हळूच म्हणाली, “खरं सांगू मॅडम? यंदा बाईलाच घ्यायचं चाललं होतं. ही मुलाखत रत्नमालाताईंसाठीच ठेवली होती.”

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? फोन पर्समध्ये होता. लिफ्ट यायला वेळ होता. मी “हो का?” म्हणाले आणि खाली आले.

परतीच्या गाडीत रत्नमालाचाच फोन.

“काय झालं वं? नीट इचारलं ना?”

“नेहमीसारखंच.”

“जाऊ दे. तू जात राह्य. आपल्यातली एक तरी तिथं जाऊन राहिली ना? मी पोरींना सांगतो, आपली मॅडम तिथं जाते म्हणून.”

ती माझी समजूत घालत होती. मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. नेटवर्क होतं.

त्या संघानं बाहेरचा एक पुरुष घेतला. पुढच्याच वर्षी लीगनं नियमच काढून टाकला – पात्र महिला मिळत नाहीत, असं कारण दिलं. माझ्या एका वाक्यानं सगळा नियम गेला असं मी म्हणत नाही. तेवढी मी मोठी नाही. पण त्या कारणात माझं वाक्य आहे, हे मला ठाऊक आहे. आता मला कुणी बोलावत नाही. बाजारातही कुणी विचारत नाही.

रत्नमाला अजून साकोलीलाच शिकवते. ती इतरांपेक्षा माझ्याशीच जास्त बोलते, आणि मी तिचा फोन कधी उचलते, कधी वाजू देते.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरकडे आली होती, तेव्हा मी तिला भंडाऱ्याच्या स्टँडवर सोडायला गेले. आज सांगायचं, असं घरून ठरवून निघाले होते. बाकावर दोघी बसलो. तिनं पिशवीतून चिवडा काढला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

“एक इचारू का वं? नियम होता तवा तुले चारदा बोलावलं. मले एकदाही काहून नाही बोलावलं? मी चांगलं नाही शिकवत का?”

रागानं नव्हती विचारत. खरंच विचारत होती. इतकी वर्षं तिच्या मनात हे होतं, आणि विचारायला तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

साकोलीची गाडी लागली. कंडक्टर ओरडायला लागला.

“तसं नाही,” मी म्हणाले. “नशीब असते एकेकाचं.”

तिनं मान हलवली. तिला ते पटलं.