रिंगणात टाकलेला पंचा

चौथी पुरी न करता मी शाळा सोडली आणि विशीत कोकणातून थेट बुऱ्हाणपुरात येऊन पडलो. हातात एक चिठ्ठी होती. आमच्या गावचा एक जण पलटणीत होता, त्याने ती आपल्या जुन्या सोबत्याला लिहिली होती. हा सोबती म्हणजे पलटणीचा बॉक्सिंगमधला चॅम्पियन. लढाई संपल्यावर घरी येऊन बापाच्या हातमागावर पंचे विणत बसलेला. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्या मोकळ्या मागाकडे बोट केलं. "बस. जमेल." राहायला पडवी, जेवायला त्यांच्याच घरी. त्या परक्या मुलखात मला दुसरं कोणी नव्हतं.

दिवसभर आम्ही दोघे शेजारी शेजारी विणायचो. उजव्या हाताने दोरीला हिसका, की आडवं सूत घेऊन धोटा पळतो. डाव्याने फणी ओढायची, पायाने खालची फळी दाबायची. खट, खटाक, धप्. संध्याकाळी परसात ते मला हातमोजे बांधायला लावायचे. मार म्हणायचे. मी मारायचो आणि माझा ठोसा एकदाही त्यांच्या चेहऱ्याला लागायचा नाही. डोकं नुसतं बाजूला व्हायचं. कुंपणाबाहेरून आखाड्यातले पैलवान हसायचे. "काय उस्ताद, आज बी हाताले उशा बांधल्या?"

"ये ना," उस्ताद म्हणायचे, "निजवून देतो."

संस्थानं विलीन होत होती ते हे दिवस. शेजारच्या संस्थानच्या फौजेतली माणसं आपल्या पोलिसांत घेतली होती, त्यांतला एक तरणा शिपाई आमच्याकडे बदलून आला. तोही बॉक्सर. नदीकाठच्या जत्रेत उस्तादांशी त्याची लढत लावायचं गावातल्या मंडळींनी ठरवलं आणि निरोप धाडला. उस्ताद चाळिशी ओलांडलेले. त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. परसात हातमोजे सोडता सोडता मला म्हणाले, "बाहेर विचारलं तर सगळे हो म्हनतील. घरात विचारलं तर नाही. तू रोज समोर उभा राह्यतो. सच सांग, मी संपलो काय? तू लढू नका म्हनशील तर उद्याच ना सांगून देतो."

मी उद्या सांगतो म्हणालो. सकाळी वहिनींनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोने, भाकरी वाढताना हळूच म्हटलं, "भाऊजी, पलटणीत शेवटच्या लढतीत त्यायच्या कानावर मार बसला. तवापासून कधी कधी डोळे फिरतात. एक डाव मागावरच पडले होते. तुम्ही लढू नका म्हना. तुमचं ऐकतील."

मी काय म्हणायला हवं होतं? वहिनींच्या हातचं मी खात होतो आणि उस्तादांनी मला उभं केलं होतं. खरं सांगायचं तर खरं काय तेच मला कळत नव्हतं. डोळे फिरणारा माणूस माझा एकही ठोसा लागू देत नव्हता. जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. "उस्ताद, अजून तुम्हाला हात लावता येत नाही."

ते लहान पोरासारखे हसले. वहिनींनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

जत्रेत दुपारी लढत झाली. वाळूत चार खांब, भोवती दोर. उस्तादांचा माणूस म्हणून मी कोपऱ्यात, खांद्यावर आमचाच विणलेला पंचा. लढवय्याचं आता पुरे असं वाटलं तर तो आत टाकायचा, लढत तिथेच थांबते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

पहिल्याच फेरीत शिपायाचे तीन ठोसे बसले. उस्तादांचं डोकं हलत होतं, पण भलत्याच वेळी. मला काही समजेना. मग माझं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. घाबरून मी वाळूत पाय दाबत होतो, मागावर दाबतो तसा, आणि उस्तादांचं डोकं नेमकं त्याच तालात डावी-उजवीकडे जात होतं. खट, खटाक, धप्. परसातले माझे ठोसे मागाच्या ठेक्यात पडत होते. ते माझे ठोसे पाहून चुकवत नव्हते, दिवसभराची सवयच ते चुकवत होती. शिपायाला आमचा माग ठाऊक नव्हता. डोकं कुठे येणार हे पाहून तो तिथे आधीच हात ठेवत होता.

दुसऱ्या फेरीत उस्ताद अचानक थांबले. डोकं स्थिर, हात जरा खाली, नजर शिपायावर. शिपाई पुढे सरकला. मी पंचा फेकला.

गर्दीत अर्धे शिव्या देत होते, अर्धे माझ्या पाठीवर थाप मारत होते. उस्ताद पंच्याकडे पाहतच राहिले.

परतीच्या वाटेवर म्हणाले, "मी मुद्दाम थांबलो होतो. तो माझं डोकं कुठं यायची वाट पाहू राह्यला ते समजलं होतं. आता मारनार होतो."

घरी वहिनींनी मिठाच्या कोमट पाण्याने त्यांचा ओठ पुसला. "बरं केलं भाऊजी," त्या मला म्हणाल्या.

"तुले काय समजते?" उस्ताद त्यांच्यावर खेकसले आणि फुटलेला ओठ ताणला जाऊन कळवळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मागावर बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी हात थांबवला. "सच सांग. माझा दम संपला होता, का मी थांबलो होतो?"

"नाही कळलं, उस्ताद."

"मंग फेकला कशाले?"

याचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं. ते पडले असते तर या गावात माझं कोण होतं? फेकताना मनात तेवढंच होतं, त्यांचा दम नाही, त्यांची इज्जत नाही. ते त्यांना सांगणं माझ्याच्याने झालं नाही. मी नुसतं म्हणालो, "भीती वाटली."

"माझ्यासाठी?"

मी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही, अशी. त्यांनी काय समजून घेतलं कोण जाणे. त्या संध्याकाळी त्यांनी हातमोजे बाहेर काढले नाहीत, आणि मीही आठवण केली नाही.