नावाची जागा

"आधी पाय, मग गाणं," असं म्हणत बाई पलंगाच्या पायथ्याशी बसायच्या आणि पेशंटचे सुजलेले पाय सरळ मांडीवर घ्यायच्या. खेड्यातल्या पोरी लाजून पाय ओढून घेत. "बाई, तुमी पायाला का हात लावायलाव? पाप लागंल आमाला." बाई म्हणायच्या, "लागू दे. वाटून घेऊ."

परभणीच्या ज्या दवाखान्यात मी सिस्टर आहे, तिथं जोखमीच्या बाळंतपणाचा वॉर्ड आहे. कुणाचं बीपी वाढलेलं, कुणाच्या पोटात जुळं, कुणाला नुसतं पडून राहायला सांगितलेलं. अशा बायकांवर गाण्याचे उपचार करायचे ठरले आणि शाळेतून निवृत्त झालेल्या या गाण्याच्या बाई रोज दुपारी पेटी घेऊन येऊ लागल्या. मी काही खूश नव्हते. आधीच नातेवाइकांचा गोंगाट, त्यात ही पेटी.

"बाई, इथं मी बीपी मोजू का टाळ कुटू?" मी तोंडावर विचारलं.

"तुम्ही बीपी मोजा. टाळ मी आणते," त्या म्हणाल्या. अन् खरंच आणले.

निंदणीची गाणी, माहेरची गाणी, जिला जे येईल ते. "सूर माझ्यावर सोड, तू फक्त श्वास लांब सोड," एवढंच त्यांचं शिकवणं. गाण्यानं बीपी उतरतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. गोळ्या मीच देत होते. पण तुम्हीही पाहिलं असेल, घरी म्हशीला कोण बघंल म्हणून अशा बायका सकाळपासून पिशवी भरून बसतात. त्या दुपारपर्यंत थांबू लागल्या आणि दुपारी उद्याचं गाणं ठरवू लागल्या.

एक गाणं मात्र बाई कधी म्हणत नसत. पाळणा. लेकरू जन्मायच्या आधी आपल्याकडे पाळणा बांधत नाहीत, म्हणतही नाहीत. बाई एवढ्या शिकलेल्या, पण हे कटाक्षानं पाळायच्या.

झरीची सुनंदा भरती झाली तेव्हा तिची आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. सोबतीला सासू. सुनंदा कुणाशी बोलत नव्हती. गाणं सुरू झालं की भिंतीकडे तोंड करायची. बाई तिचे पाय चोळायच्या आणि गप्प उठायच्या.

एका सकाळी तिचं बीपी फारच चढलं. दिवस भरले नव्हते, तरी संध्याकाळी सिझर करावंच लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी बाई आल्या, तेव्हा सुनंदा पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"बाई, पाळणा म्हणा."

शेजारच्या पलंगावरच्या पोरीनं हातातले टाळ खाली ठेवले.

"आधीच्या दोघांला ऐकायला भेटला न्हाई. ह्याला तरी आतच ऐकू द्या. भायेर येऊन काय हुतंय, कुणाला ठाव."

सासू ताडकन उठली. "काय अभद्र बोलायलीस? पोटातल्या लेकराला पाळणा म्हणतेत व्हय?"

बाईंनी पेटी मिटली. मला वाटलं, झालं, आता ह्या निघाल्या. त्या सासूजवळ जाऊन बसल्या. "आजी, तुम्ही नको म्हणालात तर मी म्हणणार नाही."

म्हातारी सुनेकडं बघत बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. मग म्हणाली, "म्हणा. पर नाव घेऊ नका. नावाच्या जागी थांबा."

बाईंनी त्यांच्या आईच्या गावचा पाळणा धरला. कडव्याच्या शेवटी बाळाचं नाव यायचं, तिथं त्या थांबत आणि पेटीही थांबे. त्या थांबण्याची मला इतकी भीती वाटली, की मी चांगलं चाललेलं सलाईन उगीच तपासत राहिले. सुनंदा पोटावर हात ठेवून रडत होती. सासूही.

मुलगी झाली. एवढीशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, मग घरी गेली.

बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांची आठवण निघाली की मला वॉर्ड दिसत नाही, झरीचं ते बारसं दिसतं. आम्हा दोघींना आग्रहाचं बोलावणं होतं. आत्यानं कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि सगळ्या बाईंकडं बघू लागल्या. बाईंनी दोरी हातात घेतली, पाळणा धरला. नावाची जागा आली आणि त्या थांबल्या.

"म्हणा की बाई," सासू म्हणाली. "आता कशाचं भ्याव?"

बाईंनी नुसती मान हलवली. डोळे वाहत होते, हात दोरी ओढत होता. शेवटी ते नाव म्हातारीनंच घेतलं, पार शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.