मंगळवारचा पुडा

फोन आला तेव्हा मी देवरीला होते, तिथल्या कार्यालयाची तपासणी चालू होती. "म्याडम, तुमची काकू गेली," पलीकडून शेजारचे टेंभरे काका म्हणाले. गुरुवारची दुपार कलत होती. दर गुरुवारी याच वेळेला शेजारच्या काकू आणि मी नाक्यावरच्या हॉटेलात जायचो, आणि आज मला जमणार नाही हे मी त्यांना सकाळीच सांगून निघाले होते. त्यामुळे मनात पहिल्यांदा आलं ते असं, की माझी वाट न बघता एकट्याच गेल्या वाटतं... 'हॉटेलात?' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो मी गिळला, कारण आम्ही हॉटेलात बसतो हे काकांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलेलं होतं. मग काकाच म्हणाले, "अंगणात वड्या वाळवून राहिली होती. चक्कर आली. दवाखान्यात नेलं, पन..." तेव्हा मला कळलं. येताना बसमध्ये रडू वगैरे आलं नाही. खिडकीतून धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, मागे जात होती आणि मी विचार करत होते, की आता हॉटेलवाल्याला कोण सांगणार.

मी मूळची साताऱ्याकडची. नोकरी बदलीची, मागेपुढे कोणी नाही. गोंदियाला बदली झाली तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी असे चेहरे केले, की मला काळ्या पाण्यावरच धाडतायत. मला स्वतःला एवढं काही वाटलं नाही. नव्या गावी गेल्यावर लोक आधी देऊळ, दवाखाना, किराणा शोधतात. मी हॉटेल शोधते. एकट्या बाईला चहाचा कप पुढ्यात घेऊन निवांत बसू देणारं, टेबल पुसायच्या निमित्तानं उठवून न लावणारं हॉटेल सापडलं, की ते गाव आपलं झालं असं मी धरून चालते. गोंदियाला लागूनच असलेल्या फुलचूरला खोली घेतली. शेजारी फुलवंताबाई टेंभरे आणि त्यांचे यजमान, मध्ये कमरेएवढी भिंत. त्यांचा मुलगा-सून रायपूरला असतात. पहिल्याच संध्याकाळी भिंतीवरून डोकं वर आलं आणि प्रश्न आला, "एकट्याच हाव का? लग्न काऊन नाही केलं?" आमच्याकडे हा प्रश्न विचारायला माणसं बरीच वळणं घेतात. इथं तो नावाच्याही आधी आला. मी म्हटलं, जमलं नाही. "बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि आत जाऊन ताटली घेऊन आल्या. तांदळाच्या पिठाचा पातळ, जाळीदार आयता, आमच्याकडच्या घावनाचा जवळचा नातेवाईक, सोबत टमाटरची चटणी. "उभ्यानंच खा. थंडा झाला तं चामडा होते."

मी त्यांना विचारलं, इथं जवळपास चांगलं हॉटेल कुठलं. मग जे काही सुरू झालं ते ऐकण्यासारखं होतं. स्टेशनाकडच्या त्या मारवाड्याची कचोरी घ्यावी पण समोसा घेऊ नये, त्यात धने फार. बाजारातल्या एकाच्या आलूबोंड्याचं वरचं बेसन जाड, आत काहीच नाही. मुगाच्या डाळीचे मंगोडे खावेत ते शाळेजवळच्या बाईचेच. जिलेबी मात्र आपल्या नाक्यावरची, दुसरीकडे जाऊच नये. मी खूश झाले, म्हटलं आयता वाटाड्याच मिळाला. "नाक्यावर बसायला जागा कशी आहे?" मी विचारलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "मले का माहीत? मी कुठं पाह्यलं ते हॉटेल!" एवढ्या सगळ्या हॉटेलांच्या चवी पाठ असलेल्या या बाईनं त्यातल्या एकाचीही पायरी कधी चढली नव्हती. सगळं पुड्यातून घरी आलेलं होतं. "पुरुष मानूस तिथं बसून खाते, घरच्यासाठी बांधून आनते. आमच्याकडं असंच हाये." आता तसं राहिलेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. आजकालच्या पोरी जातात, सून रायपूरला जाते, त्यांचं त्यांना काही वाटत नव्हतं. फक्त स्वतः जायचं कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी ते कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या घरचा मंगळवार मला लवकरच पाठ झाला. टेंभऱ्यांची गावची धानशेती ठेक्यानं दिलेली आहे. काका मंगळवारी तिकडे चक्कर मारायचे आणि परतताना नाक्यावरून जिलेबीचा पुडा बांधून आणायचे. इतर सगळीकडे प्लास्टिकची पन्नी आली, पण त्या हॉटेलवाल्याचा अजून कागद आणि दोराच आहे. वाटेत दोन जागी तरी गप्पांना थांबल्याशिवाय काकांना घर सापडायचं नाही, त्यामुळे पुडा पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची. काकू ओसरीत बसून दोरा सोडायच्या, जिलेबीला बोट लावायच्या आणि म्हणायच्या, "गरमच हाये जी अजून." भिंतीपलीकडे मला स्पष्ट ऐकू यायचं. लग्न होऊन आल्यापासूनचा हा रिवाज. एकदा त्यांनी त्यातलीच एक जिलेबी मला भिंतीवरून दिली. गार, चिवट, एका बाजूनं वर्तमानपत्राची अक्षरं उमटलेली. मी ती चावत राहिले. काकू नजर चुकवून हसल्या.

त्यांना रक्तदाबाचा त्रास होता आणि दवाखाना नाक्यावरच होता. एका गुरुवारी मी सोबत गेले. डॉक्टरांकडून बाहेर पडलो तर समोर कढई चढलेली. मी त्यांचा दंड धरला आणि सरळ आत नेलं. "कायले जी, कायले," असं म्हणत त्या दाराजवळच्या बाकाच्या अगदी टोकावर बसल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, कुणी उठवलंच तर लगेच निघता यावं अशा बेतानं. हॉटेलवाला आतूनच ओरडला, "आंटीजी, दो मिनट, गरम निकल रही है।" बशी आली. काकूंनी तुकडा तोंडात टाकला, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, हनुवटीवर पाक ओघळला, आणि त्या एकदम हसायला लागल्या. मग उरलेला तुकडा उजेडात धरून पाहिला. "हे तं दुसरंच काही हाये, बाई," त्या म्हणाल्या. "मंग इतके वर्षं मी काय खात होती?" मी दुसरी बशी मागवली. निघताना मात्र त्यांनी माझा हात धरला. "यायले सांगू नका. एवढ्या आवडीनं आनतेत. मी इथं येऊन गरम खाते म्हटलं तं त्यायले वाईट वाटन." काकांना वाईट वाटू नये आणि गुरुवारही सुटू नये, या दोन गोष्टी सांभाळणं हे तिथून पुढे आमचं काम झालं.

ते सोपं नव्हतं, कारण काका स्वतः रोज दुपारी चारला मित्रांबरोबर त्याच हॉटेलात चहाला यायचे. आम्ही तीनलाच जाऊन घाईघाईनं उरकायचो, काकूंचं अर्धं लक्ष रस्त्यावर. माझ्या ऑफिसातून त्या वेळी सटकणं हे वेगळंच दिव्य. पण थोड्याच दिवसांत काकांनी वेळ बदलली, ते सकाळी जाऊ लागले. "दोस्तांसंगं पटलं नसन," काकू म्हणाल्या. आम्हाला काय, रान मोकळं. मग आम्ही पाय पसरून बसू लागलो. मंगळवारी थंड आणि गुरुवारी गरम, असा काकूंचा आठवडा लागला, आणि मंगळवारच्या 'गरमच हाये जी' मध्ये तसूभर फरक पडला नाही. उलट मला वाटतं, आवाज जरा जास्तच गोड झाला.

एकदा हौसेनं मी त्यांना शहरातल्या नव्या कॅफेत नेलं. लोंबते मंद पिवळे दिवे, भिंतीवर इंग्रजी अक्षरं, गुडघ्याएवढी टेबलं. काकूंनी आत शिरताच विचारलं, "लाईन गेली हाये का इथली?" कोल्ड कॉफीचा एक घोट घेऊन पेला माझ्याकडे सरकवला. "हे तं थंडंच देतेत. थंडं खाऊन खाऊन मी थकली, बाई." तिथून परत आल्यावर त्यांनी चूल पेटवली आणि मला आयते खायला बसवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळ्यांचे खाऊन होईपर्यंत त्या तव्यापाशी, आणि शेवटचे दोन स्वतःसाठी काढून, चूल सारवून, मग कधीतरी खायच्या. हॉटेल तर हॉटेल, स्वतःच्या चुलीवरचं गरमही त्यांच्या वाट्याला येत नव्हतं. मी पिठाची वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांना पाटावर बसवलं. माझा आयता भारताच्या नकाशासारखा झाला, तोही फाटका. "फाटला," त्या खात खात म्हणाल्या, "पन गरम हाये." हे त्यांच्या तोंडून त्या वेळी खरं होतं.

तेरवी झाली. मुलगा काकांना रायपूरला चला म्हणाला, काका नाही म्हणाले. त्यानंतरच्या मंगळवारी दिवेलागणीला भिंतीपाशी हालचाल ऐकू आली. काका उभे होते, हातात पुडा. "सवयीनं बांधून घेतला," ते म्हणाले. "घरी खानारं कोनी नाही. तुम्ही घ्या." मी घेतला. ते जाईनात. भिंतीचा सुटलेला पोपडा नखानं काढत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही दोघी दाराजवळच्या बाकावर बसत होत्या ना?"

मी हातातला पुडा भिंतीवर ठेवला.

"मले तवाच दिसल्या, सुरू सुरूलेच. एक दिवस मी लवकर गेलो होतो. तिच्या हनुवटीले पाक लागला होता अन ती हासत होती. घरी तशी हासलेली मी पाह्यली नव्हती. मी गाडी तशीच वापस फिरवली." म्हणजे मित्रांशी वगैरे काही बिनसलं नव्हतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? "बोललो असतो तं तिनं जानं सोडलं असतं." आणि पुडा? "पुडा बंद केला असता तं समजून गेली असती, की याले मालूम झालं." मला त्या माणसाचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी त्याचा रागही आला. राग माझ्या स्वभावात जरा वरच असतो, तो बाहेर आला. "एवढं कळत होतं काका, तर तुम्ही स्वतः का नाही नेलंत कधी?"

ते पोपडा काढायचे थांबले. "आमच्यात तसं नव्हतं, म्याडम... आता वाटते. बाजूले बसलो असतो." मग घराकडे वळता वळता म्हणाले, "घरी येईपर्यंत थंडी होते, हे का मले माहीत नव्हतं? पन ती 'गरमच हाये' म्हने, मंग बरं वाटे."

तेव्हापासून मंगळवारचा पुडा भिंतीवरून माझ्याकडे येतो. गुरुवारी मी एकटी नाक्यावर जाते, दाराजवळच्या बाकावर गरम जिलेबी खाते. हॉटेलवाला बाकाची दुसरी बाजू आपण होऊन मोकळी ठेवतो. मंगळवारी मात्र घरी. काल काका पुडा देऊन ओसरीत जाऊन बसले, दिवा न लावता. मी दोरा सोडला. पाक कागदात उतरला होता, जिलेब्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला, आणि मग हळूच, "कशी हाये?"

मी जिलेबीला बोट लावलं.

"गरमच आहे, काका, अजून."