शनवार तेली

रेवदंड्याच्या बंदरात मुंबईचा मचवा सुटायच्या बेतात होता. गुडघाभर पाण्यात उतरून धोंडूकाका तांडेलाला ओरडून सांगत होते, "शनवार तेल्याचा पोर हाय, सांभाळून ने. ह्याला उलटी होते!" साऱ्या मचव्याला माझी जात आणि प्रकृती एकदमच कळली. बाबा काठावर हसत होते. मलाही काही लागलं नाही.

आम्ही इस्रायल लोक, म्हणजे कोकणातले ज्यू. चौलात आमचा तेलाचा घाणा. शनिवारी शब्बाथ, विश्रांतीचा वार, म्हणून घाणा बंद आणि बैलालाही सुट्टी. त्यावरून गावानं ठेवलेलं हे नाव. परगावचं कुणी शनिवारी खोबरं घेऊन आलं, तर शेजारचे वाडीवाले धोंडूकाकाच त्याला वाटेतून परत पाठवत: "आज त्यांचा देव इसावा घेतो, उद्या ये."

मुंबईत मी कारकून झालो आणि तिथे कळलं, की हा आपला अपमान होता. समाजाची सभा भरली, तीन वक्ते घाम पुसपुसून बोलले, आणि 'तेली' हा शब्द हीन असल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. टाळ्या मीही वाजवल्या. इतकी वर्षं अपमान होत होता आणि आपल्याला पत्ताच नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात धोंडूकाका बाबांनी दिलेला तेलाचा डबा घेऊन आले आणि चाळीच्या चौकातून ओरडले, "शनवार तेल्याचं बिऱ्हाड कंचं?" गॅलऱ्या भरल्या. मी वरूनच म्हणालो, "काका, आम्ही तेली नाही. इस्रायल म्हणा."

शेजारचे बाबूराव जातीचे तेली, नगरकडचे. ते शांतपणे म्हणाले, "का हो, तेली असणं वाईट असतं काय?"

काका डबा उंबऱ्याशी ठेवून पाणीही न पिता गेले.

मग बाबांचं पत्र आलं: "धोंडू आता मला हाक मारत नाही, नुसता खाकरतो. काय म्हणायचं ते तुमच्या सभेला विचारून कळव."

सणाला गावी गेलो तो थेट काकांच्या वाडीत, माफी मागायला. काकांनी मला पाहिलं, घाईघाईनं कुणाकडून तरी खुर्ची आणवली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि म्हणाले, "बसा, साहेब."

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, 'साहेब' या शब्दात हीन असं काहीच नाही. कुठलीही सभा त्याविरुद्ध ठराव करणार नाही. गाव म्हणजे जिथे न विचारता ओट्यावर बसता येतं, अशी माझी समजूत होती.

मी खुर्चीवर बसलो. काका उभेच राहिले.