बारकीने केस जाळले नाहीत

आमच्या बारकीने एका बाईचे केस जाळले असं लोक बोलतात. बोलणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं, आणि त्यातलं एकही त्या दिवशी तिथे नव्हतं. मी होतो. म्हणून मी लिहितोय. मी आठवीपर्यंत शिकलो, पुढे शाळेने आणि मी एकमेकांचा नाद सोडला, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. माहितीत नाही.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आवाज ऐकून बिघाड सांगणारा या भागात मी एकच, हे माझे साहेबही मान्य करतात. तसाच हात बारकीचा. घराण्यातच आहे ते. मोजे पॅक करायचा तिचा कारखाना बंद पडला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मग बाजाराच्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये मदतनीस म्हणून लागली. तिच्याबरोबरच्या मुली एकोणीस-वीसच्या. त्या तिला आधी मावशी म्हणायच्या. ती म्हणाली, "म्हणा, पण मग मावशीला चहासुद्धा तुम्हीच आणायचा." दोन दिवसांत ताई झाली.

मदतनिसाचं काम म्हणजे केर काढणं, टॉवेल धुणं, गिऱ्हाइकाचं डोकं धुणं आणि मॅडम सांगतील तो रंग कालवून देणं. खुर्ची मिळत नाही. खुर्ची मिळणं म्हणजे आपलं गिऱ्हाईक, आपला आरसा, आपल्या हाताने रंग. बारकीला ती खुर्ची हवी होती. बाकी आयुष्यात तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

रंग बिघडतो कसा आणि सावरायचा कसा, हे ती वेड्यासारखी शिकली. जमिनीवर पडलेले कापलेले केस गोळा करून आणायची, दोऱ्याने बांधून त्यांच्या बटा करायची, एकेक रंगवायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दोरीवर वाळत घालायची. आई ओरडायची, "अगं, घर आहे की खाटिकखाना? आमटीत केस निघतील."

"निघाले तर रंग सांग," बारकी म्हणायची. "केशरी असेल तर निळा घालायचा, पिवळट असेल तर जांभळा, हिरवट असेल तर लाल."

"आणि पांढरा असेल तर?"

"तर तुझा आहे."

एकदा एक कॉलेजची मुलगी घरी ब्लीच करून डोकं गाजरासारखं करून आली. मोठी कारागीर पुन्हा ब्लीच लावायला निघाली होती. बारकी डोकं धुताना त्या कारागिरणीला हळूच म्हणाली, "ताई, टोकं रबरासारखी ताणतायत, आता ब्लीच सोसणार नाही. निळसर टोनर देऊन बघू." बघितलं. मुलगी हसत घरी गेली. मॅडम म्हणाल्या, पुढच्या एक तारखेपासून उजवीकडची खुर्ची तुझी. तोवर एकच नियम: औषध लावायच्या आधी बटेची चाचणी, आणि चाचणी बिघडली तर डोक्याला हात लावायचा नाही. समोर कोणीही असो.

आता माझं. ही गाजराची गोष्ट मी कामावर सगळ्यांना सांगितली. थोडी वाढवूनही सांगितली असेल. साहेब म्हणाले, "माझ्या बायकोचे केस काळेभोर आहेत, तिला मुलीच्या लग्नासाठी तपकिरी करायचेत. तीन ठिकाणी नाही म्हणाले." मी म्हणालो, "साहेब, वहिनींना उद्याच आणा. माझी बहीण करून देईल, माझा शब्द." तीन ठिकाणी नाही का म्हणाले, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वहिनींना सलूनमध्ये घेऊन गेलो. मॅडम बँकेत गेल्या होत्या, मोठी कारागीर सुट्टीवर. बारकीने वहिनींचं डोकं धुतलं आणि तिचा चेहरा बदलला. मला तो चेहरा कळतो. लिफ्टचा दोर हाताला वेगळा लागला की माझा तसाच होतो.

"वहिनी, घरी काळी पावडर लावता का? पाण्यात कालवायची?"

"मी? कधीच नाही. जन्मापासून असेच आहेत."

बारकीने मानेपाशी आतल्या बाजूने चार केस कापले, काचेच्या ग्लासात औषध घेतलं, त्यात बुडवले आणि मला मागच्या खोलीत बोलावलं. तिथे टॉवेलांचे ढीग आणि एक गळका नळ.

"दादा, हे होणार नाही. वर्षानुवर्षं पावडर बसलीय केसांवर. त्या पावडरीत काहीतरी धातूचं असतं, ब्लीच लागलं की तापतं. केस तुटतील."

"त्या तर म्हणतायत लावली नाही."

"बाहेर पाच बायका बसल्यात. त्यांच्यासमोर कोण कबूल करेल? हा ग्लास धर."

मी धरला. ग्लास कोमट होता, आणि केसांपासून बारीक बुडबुडे वर येत होते. मोटर कधी गरम व्हायला नको हे मला कोणी शिकवायला नको. मला कळलं होतं. तरी मी म्हणालो, "बारके, मी साहेबांना शब्द दिलाय. आता नाही म्हणालीस तर मी उद्या कामावर कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"दादा, एक तारखेला आठच दिवस राहिलेत."

"म्हणूनच. हे केलंस तर खुर्ची काय, अख्खं सलून तुझ्यामागे येईल. थोडंसं लाव. मी आहे ना."

लहानपणापासून तिने माझा शब्द खाली पडू दिला नव्हता. मी सायकल चालवायला लावली, चालवली. मी पॅकिंगच्या कारखान्यात चिकटवली, चिकटली.

तिने पूर्ण डोक्याला लावलंच नाही, हे ऐका. उजव्या कानामागच्या तीनच बटा फॉइलमध्ये गुंडाळल्या आणि ताप कळावा म्हणून फॉइलवर बोट ठेवून उभी राहिली. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. फॉइल फुगली. तिने ओढून काढली, वहिनींना मान मागे करायला लावून थंड पाणी सोडलं. पाण्याबरोबर केस तिच्या हातात आले, भिजलेल्या सुतासारखे. कानामागे तळहाताएवढी जागा राहिली, नुसत्या खुंटांची.

वहिनी हात मागे नेऊन चाचपत राहिल्या. मग रडायला लागल्या, आणि लग्न, फोटो, असं काहीबाही बोलत राहिल्या.

मॅडम आल्या. त्यांनी बेसिन बघितलं, मागच्या खोलीत जाऊन ग्लास बघितला. ग्लासातले केस विरघळून चिकट झाले होते. त्या बाहेर येऊन एकच म्हणाल्या, "चाचणी केली नसतीस तर मी म्हटलं असतं, नवीन आहे, चुकली. केलीस, आणि तरी लावलंस?"

बारकी बेसिनमधले केस गोळा करत होती.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

मी दारापाशी उभा होतो. चार पावलांवर. मी मूग गिळून उभा राहिलो. साहेबांच्या बायकोसमोर माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मी अकराव्या मजल्यावर लोंबकळून काम करतो, मला भीती माहीत नाही असं मी सगळ्यांना सांगतो.

खुर्ची गेली. केर आणि टॉवेल राहिले, पण गिऱ्हाइकं विचारायची, "तीच का ही?" आठवड्याने तिने स्वतःच काम सोडलं. नंतर दोन सलूनमध्ये विचारलं. दोन्हीकडे गोष्ट तिच्या आधी पोचली होती. साहेब मला म्हणाले, "तुझा काय दोष? बहिणीचं चुकलं." मी म्हणालो, "हो साहेब."

चार महिन्यांनी मी मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. उजवीकडच्या खुर्चीवर एक नवीन मुलगी कोणाचे तरी केस विंचरत होती. मॅडमनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी तिची खुर्ची ठेवली असती. आता सांगून तुम्हाला बरं वाटलं असेल." साहेबांनाही सांगितलं. ते हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

घरी येऊन बारकीला सांगितलं. ती आता हॉस्पिटलच्या धुलाईत चादरींच्या घड्या घालते. ती म्हणाली, "कशाला गेलास? लाव म्हणालास तू, पण फॉइल मी लावली. मला कळत होतं."

"तुझं बरोबर होतं, बारके."

"ते मला त्या दिवशीच माहीत होतं, दादा," ती म्हणाली, आणि सकाळच्या पाळीसाठी डबा धुवायला उठली.