सातवा हात

"हात खाली! सगळ्यांनी हात खाली करा! मी पुन्हा मोजते!" अध्यक्षबाई तिसऱ्यांदा ओरडल्या.

युरोपातला हा देश एवढासा, की इथं कुणी जोरात शिंकलं तर शेजारच्या देशात रुमाल काढतात. इथल्या हरित पक्षाचे सभासद सहा. त्यांतली एक माझी लेक, म्हणून मी पाहुणा होऊन सभेत बसलो होतो. चौकातला जुना अक्रोड तोडून गाड्या लावायला जागा करायची का, एवढाच प्रश्न होता. नगरपालिकेत इतरांची मतं समसमान, त्यामुळे हे सहा जण म्हणतील तेच होणार. 'तोडा' म्हणणारे हात तीन भरले. 'वाचवा' म्हणणारे मात्र दर वेळी चार भरत होते.

मीही मोजले. माझे दोन्ही हात मांडीखाली, तरी चारच.

शेजारची खुर्ची रिकामी होती. पक्ष काढणाऱ्या बाईंची खुर्ची दर सभेला मांडायची, अशी यांची रीत. हात खाली आले तेव्हा ती करकरली, कुणी दमून मागे टेकावं तशी.

मेलेल्यांचं मतदान मला नवं नाही. आपल्याकडे ते सर्रास होतं. पण त्यांच्या वतीनं कुणी जिवंत माणूस जातो. स्वतः उठून यावं, इतका जीव आपण कुठल्या झाडाला लावलाय? बाहेर वारा पडलेला होता, आणि अक्रोड सळसळत होता.

अध्यक्षबाईंनी वहीत 'चार' लिहिलं. झाड वाचलं.

जिन्यात मी लेकीला विचारलं, "अगं, त्या खुर्चीवाल्या बाई वारल्या ना?"

"वारल्या ना, बाबा. पण राजीनामा कुठे दिलाय त्यांनी?"