काटेमास्तर आणि चढवलेले सात किलो

माझ्या दादाला गावात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला काटेमास्तर म्हणतात. बर्फाच्या उताराखालच्या रस्त्यावर आमचं स्की भाड्याने द्यायचं दुकान आहे, आणि दुकानात शिरलेल्या माणसाला दादा आधी वजनकाट्यावर उभं करतो, मग 'या, बसा' म्हणतो. पाहुणा असो, शेजारी असो, गावचा डॉक्टर असो. माझा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यालाही सोडलं नव्हतं. "अरे, त्याला स्की नकोय, तो लग्नाचं बोलायला आलाय," मी म्हणाले. दादा म्हणतो, "असू दे. वजन माहीत असलेलं बरं."

हे खूळ उगीच नव्हतं. स्कीवर बूट धरून ठेवणारी एक पकड असते. माणूस पडला की तिने बूट सोडून द्यायला हवा. स्प्रिंग ढिली राहिली तर बूट भलत्या वेळी सुटतो. जास्त आवळली तर सुटतच नाही, मग पाय स्कीबरोबर पिळला जातो आणि हाड जातं. ती किती आवळायची हे माणसाचं वजन, उंची, वय आणि त्याला स्की कितपत येते यावर ठरतं. पंचवीस वर्षांत दादाच्या हातच्या पकडीने कुणाचं हाड मोडलं नव्हतं. त्याचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर गर्वही होता. मी बुटांचं बघते, म्हणजे ते वाळवणं, आतली अस्तरं धुणं, मापाचा जोड काढून देणं. वहिनी काउंटरवर बसते. आम्हा तिघांना दुसरं काही येत नाही.

पूर्वी लोक आपले आपण यायचे. खोली स्वतः शोधायची, स्की स्वतः शोधायच्या. अशी मंडळी तीन दुकानं फिरून, भाव पाडून, नाक मुरडून आमच्याकडे यायची. मला त्यांचा वैताग यायचा, पण बूट चावला तर दुसऱ्या दिवशी तीच माणसं हक्काने दारात उभी राहायची आणि मी जोड बदलून द्यायचे. दादा एकेकाला पंधरा मिनिटं द्यायचा. आधी तोंडी विचारायचा, "वजन किती?" मग काट्यावर चढवायचा. हा त्याचा आवडता खेळ. एकदा एक गलेलठ्ठ गृहस्थ बायकोसमोर छाती काढून म्हणाले, "पंच्याहत्तर." काटा ब्याण्णववर गेला. बायको म्हणाली, "अहो, बूट काढा, बुटांचं असेल." बूट काढले तरी काटा जागचा हलेना. दुकानभर हसू पिकलं. ते गेल्यावर दादा नेहमीचं वाक्य म्हणाला, "वजन माणूस कधी खरं सांगत नाही. बाई सात किलो खाते, पुरुष पाच."

मग टूर कंपनी आली. प्रवास, खोली, जेवण, स्की, शिकवणारा, सगळं एकाच पैशात. उतरलं की चालू पडायचं. लोकांना ते बरं वाटतं, आणि का वाटू नये? सुट्टीच्या दिवशी कुणाला तीन दुकानं हिंडायची हौस असते? कंपनीचा माणूस, त्याला आम्ही टूरवाला म्हणायचो, गोड बोलायचा. तो दादाला म्हणाला, "मास्तर, आमच्या सगळ्या बसेसना स्की तुम्ही द्या. फक्त एक आहे. लोक दुकानात येणार नाहीत. ते घरून फॉर्म भरून पाठवतात, तुम्ही त्यावरून जोड तयार करून हॉटेलच्या तळघरात नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवायचे. नाश्ता झाला की नऊला सगळे उतारावर."

"वजन न करता?" दादाने विचारलं.

"फॉर्मवर आहे की."

"फॉर्म मी बघतो हो, पण माणूस कुठाय? मला एकेकाची पंधरा मिनिटं द्या."

"चाळीस माणसं आहेत, मास्तर. दहा तास होतात. त्यांची सुट्टी काय तुमच्या बाकावर घालवायची?"

दादाने त्याला दारातून परत पाठवलं. दोन हिवाळे आम्ही हातावर हात धरून बसलो. बसेस समोरून जायच्या, काचेतून लोक हात हलवायचे आणि वहिनी वेडी त्यांना हात हलवायची. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारची दोन्ही दुकानं उठली. स्वतःहून येणारे राहिले मोजके, त्यातलेही निम्मे म्हणायचे, "टूरमध्ये तर स्की फुकट असतात." फुकट! मला त्यांच्या डोक्यात बूट घालावासा वाटायचा. पण घरी आल्यावर मी दादाच्याच मागे लागायचे. "सही कर. नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा." रोज म्हणायचे. वहिनी काउंटर पुसत राहायची, जिथे धूळसुद्धा नव्हती. तिसऱ्या हिवाळ्यात दादाने सही केली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय?

पण तो दादाच. माणसाला बघायला मिळत नाही म्हटल्यावर त्याने आपला उपाय काढला. मी यादी वाचायची, आणि तो प्रत्येक वजनावर आपले किलो चढवायचा. बाईला सात, पुरुषाला पाच. "साठ," मी म्हणायचे. "सदुसष्ट," तो म्हणायचा आणि स्प्रिंग फिरवायचा. खोटं वजन धरून पकड ढिली बसली असती, म्हणून हे. आम्हाला ते हुशारीचं वाटायचं. गावात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, असं मीच वहिनीला कौतुकाने सांगितलं होतं.

मग एका आठवड्याच्या यादीत एक टपालवाली होती. टूर कंपनी फॉर्मवर कामधंदाही विचारते, म्हणून कळलं. पहिल्यांदाच स्की करणार होती. तिने वजन लिहिलं होतं शेहेचाळीस किलो सहाशे ग्रॅम.

"दादा, हिने ग्रॅमसुद्धा लिहिलेत बघ," मी हसले.

"खोटं बोलणारा तपशील जास्त देतो," तो मान वर न करता म्हणाला. "साडेत्रेपन्न धर."

मी धरलं. तेव्हा मनात काही आलं होतं का? आलं होतं. सहाशे ग्रॅम लिहिणारी बाई सात किलो कशाला लपवेल, एवढं आलं होतं. पण अजून बावीस नावं वाचायची होती आणि माझे हात बुटांच्या ओलीने गार पडले होते. मी पुढचं नाव वाचलं.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, अगदी शिकाऊ लोकांच्या उतारावर, ती हळूच पडली. जोरातही नाही. बघणारे म्हणाले, नुसती बसली. स्की बर्फात अडकली, पकडीने बूट सोडला नाही, आणि नडगीचं हाड पिळून मोडलं.

तासाभरात टूरवाला दुकानात हजर. आज गोडवा नव्हता. त्याच्या हातात तिची स्की आणि एक छापील कागद. "मास्तर, फॉर्मवर शेहेचाळीस आहे आणि पकड त्रेपन्नच्या वर लावलीय. आमच्या माणसाने बघितलं. असं कसं?"

दादाने सरळ सांगितलं. सगळं सांगितलं, सात किलो आणि पाच किलो. टूरवाल्याने दार लावून घेतलं.

"हे बाहेर बोलायचं नाही," तो म्हणाला. "इथे लिहा, की बाईने तळघरात येऊन पकड घट्ट करून मागितली. सही करा. तिच्या सहीची कोण चौकशी करतंय? तुमचं काम चालू राहील, आमचंही."

"बाकीचे एकोणचाळीस उतारावर आहेत," दादा म्हणाला.

"मग? ते ठीक आहेत ना? असू द्या तसेच. संध्याकाळपर्यंत कागद द्या, नाहीतर उद्यापासून बस दुसरीकडे."

तो गेला. दादा बाकावर बसला, जिथे गिऱ्हाइकं बूट घालायला बसतात. मी काय म्हणाले ते मला लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "कर सही. तिचा पाय काय परत जुळणार आहे तुझ्या खरेपणाने?" वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मी अजून विसरले नाही. दादा उठला, अंगात कोट घातला आणि दवाखान्याकडे चालू लागला. मी मागोमाग. मला वाटत होतं, वाटेत त्याचं मन वळवीन. खोटं कशाला बोलू?

बाई खरंच एवढीशी होती. खाटेवर निम्म्याहून जास्त जागा रिकामी. पाय मांडीपर्यंत बांधलेला. आम्हाला बघून तीच आधी बोलली, "तुम्ही दुकानातले ना? माफ करा हं. मीच घाबरून पाय आखडला. तुमची स्की मोडली का?"

दादा एकदम म्हणाला, "स्की नाही मोडली. पाय मी मोडला. तुम्ही लिहिलेल्या वजनावर मी सात किलो चढवले. मला वाटलं, तुम्ही खोटं लिहिलंय."

तिने विचारलं, "का वाटलं?"

"सगळे लिहितात."

"मी तीन दिवस सकाळी उठून वजन केलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. "फॉर्मवर छापलं होतं, तुमच्या पायाची सुरक्षा यावर अवलंबून आहे. मला वाटलं, कुणीतरी हे नीट वाचणार आहे. माझं काम पायांवर आहे हो. रोज चौदा किलोमीटर." मग तिने तोंड भिंतीकडे केलं. "बाकीच्यांचंही असंच केलंय?"

दादा पळत सुटला. साठीला आलेला माणूस, जिन्याच्या दोन दोन पायऱ्या गाळत. मी ओरडत होते, "दादा, आपण संपू! ऐक, आपलं दुकान संपेल!" तो थांबला नाही. उताराच्या तळाशी लोकांना वर नेणारे पाळणे जिथून सुटतात, तिथे त्याने रांगेसमोर दोन्ही हात आडवे धरले. त्याचा आवाज चिरकला होता. "या बसचे सगळे खाली या! स्की काढा! पकडी चुकीच्या आहेत, चूक माझी आहे!" टूरवाल्याचा गाइड त्याचा कोट धरून ओढत होता. लोकांना आधी वाटलं, दारू प्यायलाय कुणीतरी. मग एकेक जण स्की काढू लागला. वहिनी दुकानातून काटा डोक्यावर घेऊन आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बर्फावर फळी टाकून त्यावर काटा ठेवला. मी यादी धरली. एकेक माणूस चढायचा, मी आकडा वाचायचे, दादा खाली गुडघ्यावर बसून स्प्रिंग फिरवायचा. एकोणचाळीस माणसांना फक्त दीड तास लागला. पंधरा मिनिटांचा हट्ट दादाचा आणि शून्य मिनिटांचा हट्ट टूरवाल्याचा, दोघांच्या मध्ये एवढा दीड तास पडून होता आणि कुणी वाकून उचलला नाही. मला तिथेच मोठ्याने रडावंसं वाटलं. टूरवाला लांब उभा राहून फोनवर दुसऱ्या दुकानाशी बोलत होता. त्याला ते लपवायचीही गरज वाटली नाही.

शेवटचा माणूस उतरल्यावर दादाने माझ्या हातातली यादी मागितली. तो तिथेच बर्फात बसून फॉर्मचे आणि काट्याचे आकडे ताडून बघू लागला. बोट ठेवून, हळूहळू. मी म्हणाले, "आता कशाला? पकडी लागल्या ना नीट?" त्याने हाताने गप्प केलं.

"एकतीस," तो म्हणाला.

"काय एकतीस?"

"एकोणचाळीसांतल्या एकतीस जणांनी खरं लिहिलंय. किलो इकडे, किलो तिकडे."

आमच्या दुकानात माणूस खोटं बोलायचा तो चारचौघांसमोर, बायकोच्या देखत, दादाने हसत विचारलं म्हणून. घरी एकटा असताना, कागदापुढे, त्याला लाजायचं कारणच नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण दादाचं शीत एका भांड्यातलं होतं आणि भात दुसऱ्याच भांड्यातला. हे मला आता समजतं. त्या दिवशी मी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ. दुकानाचं बघू काहीतरी."

"दुकान जाऊ दे गं," दादा म्हणाला. त्याच्या मांडीवर यादी तशीच उघडी होती आणि त्या एकतीस नावांवरून त्याचं बोट अजून फिरत होतं. "ही सगळी माणसं माझ्याशी खरं बोलली होती. आणि मी एकेकाला खोटं ठरवून मोकळा झालो."